घरची भट्टी, घरचं गॅरेज

शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातलं, वाहत्या रस्त्यावरचं गाव. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता कारंजा, शेलूबाजार, मालेगाव असा जातो. समृद्धी महामार्गावर चढायची-उतरायची वाटही गावाजवळच आहे. अशा गावांत चारचाकी आता लग्नकार्यापुरती भाड्याने आणायची वस्तू राहिलेली नाही. ती घरोघरी आवारात उभी दिसते. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजणाऱ्या घरांत ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आला आहे आणि वाढदिवसाचा केक घरी होऊ लागला आहे. केक भाजणं आणि गाडीची निगा राखणं, ही दोन्ही कामं मोबाइलवर बघून शिकता येतात. त्यामुळे सुट्टीच्या सकाळी एकाच घरात आत ओव्हन तापतोय आणि बाहेर गाडीचं बॉनेट उघडलंय, असं सहज घडतं.

ही हौस जपण्यासारखी आहे. आपण खातो ते कसं भाजलं जातं आणि आपण ज्यात बसतो ते कसं चालतं, हे हात घालून समजून घेणारं घर शहाणं होतं. पण मोबाइलवरचा व्हिडिओ कृती दाखवतो, कारण सांगत नाही. कारण समजलं नाही तर केक बसतो, आणि गाडीच्या बाबतीत हात भाजतो किंवा त्याहून वाईट होतं. भाजणं आणि गाडीची निगा या दोन्ही कामांच्या मुळाशी उष्णता आहे. वस्तू किती तापते, किती वेळ तापते आणि निवायला किती वेळ घेते, हे तीन प्रश्न ज्याला नीट कळले त्याला दोन्ही कामांतलं अर्धं अधिक शास्त्र कळलं.

एकाच तापमानाची दोन कामं

आपण केकसाठी ओव्हन 170 ते 180 अंश सेल्सिअसवर ठेवतो. गाडीचा लोखंडी सांगाडाही कारखान्यात साधारण याच तापमानाच्या भट्टीतून बाहेर येतो. सांगाडा जोडून झाला की तो गंजरोधक रंगाच्या हौदात बुडवतात, विजेच्या साहाय्याने तो रंग कानाकोपऱ्यात बसवतात आणि मग 160 ते 180 अंशांच्या लांबलचक भट्टीतून वीस-तीस मिनिटं फिरवतात. तिथे रंगाचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन कडक थर तयार होतो. दरवाजे, बॉनेट यांसाठी अनेकदा असं पोलाद वापरतात की जे या भाजण्यात आणखी मजबूत होतं. त्यातले कार्बनचे अणू उष्णतेने हलून योग्य जागी अडकतात आणि पत्रा सहज पोचत नाही.

म्हणून घरच्या ओव्हनमध्ये गाडीचा एखादा सुटा भाग रंगवून भाजावा, हेडलाइटच्या काचेभोवतीचा डिंकासारखा सील मऊ करून ती उघडावी, असे प्रयोग लोक करतात. तापमानाचा हिशेब बरोबर असला तरी हे काम करू नये. रंग, सील आणि प्लॅस्टिक तापल्यावर त्यांतून निघणारी द्रव्यं ओव्हनच्या आतल्या पत्र्यावर बसतात आणि पुढच्या वेळी ब्रेडमध्ये उतरतात. ज्या ओव्हनमध्ये एकदा गाडीचा भाग तापला, तो ओव्हन पुन्हा अन्नासाठी वापरू नये.

रोडगा आतून का शिजतो

भाजण्याचं शास्त्र समजायला विदर्भातल्या माणसाला ओव्हनपर्यंत जायची गरज नाही. रोडगा पुरेसा आहे. जाडसर कणकेत मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून घट्ट मळायची, छोट्या पोळ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्या एका मोठ्या पोळीत बंद करायच्या आणि गोवऱ्यांचा जाळ विझून निखारे झाले की त्यात भाजायच्या. लाल निखाऱ्याचं तापमान 500 अंशांच्या वर असतं. एवढ्या विस्तवात रोडगा जळून कोळसा का होत नाही?

याचं उत्तर कणकेतलं पाणी आणि गोवरीची राख यांत आहे. राख उष्णता सावकाश पोचवते, म्हणून निखारा थेट झोंबत नाही. आणि कणकेत पाणी शिल्लक असेपर्यंत आतलं तापमान 100 अंशांच्या पुढे जात नाही, कारण येणारी सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. या वेळात आत बरंच घडतं. साधारण 60 अंशांपासून गव्हातला स्टार्च पाणी शोषून फुगू लागतो. त्याच्या पुढे ग्लुटेनचं जाळं घट्ट होतं. तेलाने वेगळे राहिलेले थर वाफेने सुटतात. बाहेरची कड मात्र कोरडी होते आणि 100 च्या वर चढते. 140 अंशांच्या पुढे पिठातली प्रथिनं आणि साखर यांची अभिक्रिया वेगाने होऊ लागते. तिला मेयार अभिक्रिया म्हणतात. खरपूस वास आणि तांबूस रंग तिच्यामुळे येतो.

रोडगे वळून-वळून सावकाश भाजायचे, असं घरातली मोठी माणसं सांगतात ते याचसाठी. कड रंगायला थोडा वेळ पुरतो. गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला जास्त वेळ लागतो. जाळावर घाई केली तर वरून करपलेला आणि आतून कच्चा रोडगा पानात पडतो.

केक का बसतो

केकमध्येही पाणी, स्टार्च आणि प्रथिनं आहेतच; भर आहे ती वायूची. दही आणि खायचा सोडा एकत्र आले की दह्यातल्या आम्लामुळे कार्बन डायऑक्साइड लगेच सुटू लागतो. म्हणून दही-सोड्याचं मिश्रण भांड्यात वाट बघत ठेवायचं नसतं. ओव्हन आधी तापलेला हवा आणि मिश्रण कालवलं की आत गेलं पाहिजे. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल दोन्ही असतात. तिचा काही वायू ओलं झाल्यावर आणि काही उष्णता लागल्यावर सुटतो, त्यामुळे थोडी सवड मिळते.

बुडबुडे फुगत असताना भोवतीची भिंत अजून मऊ असते. ती घट्ट होण्याआधी ओव्हनचं दार उघडलं तर आतली हवा झपकन थंड होते, बुडबुडे आकसतात आणि केक मधोमध बसतो. भाजण्याच्या पहिल्या दोन तृतीयांश वेळात दार उघडू नये, हा नियम यातून आला.

आपल्याकडच्या परिस्थितीत आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, उन्हाळ्यात वाशीमकडे पारा 42-43 च्या पुढे जातो. ब्रेडचं यीस्ट 25 ते 35 अंशांत सुखाने वाढतं आणि 55-60 अंशांच्या आसपास मरतं. मे महिन्यातल्या दुपारी पीठ झपाट्याने फुगतं, आंबट होतं आणि भट्टीत जाण्याआधीच खाली बसतं. उन्हाळ्यात ब्रेडचं पीठ पहाटे, थंड पाण्यात मळावं. दोन, विजेचा दाब कमी असला की ओव्हनची ताकद दाबापेक्षा जास्त वेगाने घटते. 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळाले तर तापणाऱ्या कांडीची ताकद जवळपास चौथ्या भागाने कमी होते. ओव्हन तापायला जास्त वेळ लागतो. म्हणून घड्याळापेक्षा ओव्हनमध्ये ठेवायच्या साध्या थर्मामीटरवर विश्वास ठेवावा. तीन, चक्कीच्या कणकेत कोंडा असतो आणि कोंड्याचे कण ग्लुटेनचं जाळं मधेमधे तोडतात. कणकेचा ब्रेड मैद्याइतका फुगत नाही, त्याला पाणीही जास्त लागतं. यात बिघडलेलं काही नसतं. तो कोंड्याचा धर्म आहे.

तापलेल्या इंजिनाला हात लावू नये, तो का

आता आवारात येऊ. इंजिनात इंधन जळतं तेव्हा वायूंचं तापमान क्षणभर 2000 अंशांच्याही वर जातं. इंजिनाचं डोकं बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. इंजिन तरीही टिकतं, कारण त्याच्या पोटातून सतत पाणी आणि कूलंट फिरत असतं. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग हे पाणी उचलून रेडिएटरमध्ये सोडतं. रोडग्याला जळण्यापासून वाचवणारं पाणी इंजिनालाही वाचवतं. फरक एवढाच की रोडग्यातलं पाणी उडून जातं आणि इंजिनातलं कोंडून ठेवलेलं असतं.

कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि दाब वाढला की उकळबिंदूही वाढतो. घरचा प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो. रेडिएटरचं झाकण साधारण एक वातावरणाएवढा जास्तीचा दाब धरून ठेवतं. त्या दाबाला साधं पाणी 120 अंशांना उकळतं. धावून आलेल्या गाडीतलं पाणी 100 अंशांच्या आसपास किंवा वरही असू शकतं आणि तरीही ते द्रवच असतं. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात उतरतो, त्यातल्या काही पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते. ती जागा झाकण उघडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे असते.

म्हणून गाडी तापली तर ती बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं, बॉनेट उघडून ठेवावं आणि थांबावं. वरचा रबरी पाइप हाताला कोमट लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. त्याला अर्धा-पाऊण तास किंवा जास्तही लागतो. नंतर झाकणावर जाड फडकं धरून ते सावकाश सोडवावं. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतू नये, कारण अचानक आकसल्याने धातूला तडा जाऊ शकतो. वर्षभर नुसतं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालत राहणंही चुकीचं. त्यातले क्षार पाइपच्या आत थर धरतात आणि गंजही चढतो. कंपनीने सांगितलेलं कूलंट शुद्ध पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात घालावं.

स्पार्क प्लगची गोष्टही अशीच. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. गरम डोक्यातून पोलादी प्लग काढताना आटे ओढले जातात, आणि ते एकदा खराब झाले की काम शेकड्यांवरून हजारांवर जातं. प्लग थंड इंजिनातच काढावा आणि बसवताना पहिले काही आटे हाताने फिरवावेत.

समृद्धीवर निघण्याआधी टायर

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता वापरात आला. हलक्या वाहनांना त्यावर ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. गावातल्या रस्त्यावर 40-50 ने फिरणारी गाडी शेलूबाजारहून अर्ध्या तासात या वेगाला पोचते आणि तासन्‌तास त्याच वेगात राहते. महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासणी हाती घेतली. ही तपासणी आपण घरी पाच मिनिटांत करू शकतो.

टायर रस्त्याला टेकतो तिथे चपटा होतो आणि पुढे पुन्हा गोल होतो. या सतत वाकण्यातून रबरात उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. उन्हात तापलेला सिमेंटचा रस्ता, भरलेली गाडी आणि मोठा वेग यांची जोड मिळाली की जुना टायर हार मानतो. उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी, हा समज त्यामुळेच घातक आहे.

हवेचा दाब सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासावा. दरवाज्याच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. 33 पीएसआयच्या टायरमध्ये तापमान सहा अंशांनी वाढलं की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो. गाडी धावल्यावर टायर 40 अंशांनी तापला तर दाब सहा-साडेसहा पीएसआयने चढलेला दिसेल. तो पाहून हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेचा होतो. नायट्रोजन भरला तरी हा हिशेब बदलत नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. फायदा मुख्यतः तो कोरडा असण्याचा आहे.

टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. मापापुढचं अक्षर वेगाचं: एस म्हणजे ताशी 180, टी म्हणजे 190 आणि एच म्हणजे 210 किलोमीटरपर्यंत. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत आली की टायर बदलायचाच. बाजूला फुगवटा किंवा चीर दिसली तर खाचा कितीही खोल असोत, तो टायर महामार्गावर नेऊ नये.

काळी माती आणि जॅक

चाक बदलणं हे प्रत्येक चालकाला आलं पाहिजे, पण त्यात जीव जाण्याचाही धोका आहे. वाशीम जिल्ह्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी होते. दोन्ही वेळी जॅकचा छोटा पाया तिच्यात रुततो किंवा कलंडतो. गाडी सपाट, कडक जागी घ्यावी. तसं जमत नसेल तर जॅकखाली जाड, रुंद फळी ठेवावी. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, कर्णातल्या चाकाला दगड लावावा. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावेत. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक उचलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये, हातसुद्धा नाही. खाली जायचंच असेल तर जॅक स्टँड लागतो, आणि तो नसेल तर ते काम मिस्त्रीचं.

नट आवळण्याचंही माप असतं. छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. 25 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर 40 किलोचा भार दिला तर सुमारे 98 न्यूटन-मीटर होतात. पान्यावर उभं राहून 70 किलोचा माणूस 170 न्यूटन-मीटर देतो, त्याने बोल्ट ताणले जातात. आट्यांना तेल लावलं तर घर्षण कमी होऊन तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवावेत. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसतं. पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा तपासावेत.

घरी काय, मिस्त्रीकडे काय

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या गाड्या रस्त्यावर होत्या तेव्हा कार्बोरेटर साफ करणं, पॉइंट घासणं ही कामं मालक स्वतः करत. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली, पुढे इंधनाचा हिशेब संगणकाकडे गेला आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानकं लागू झाल्यावर इंजिनावर जागोजाग सेन्सर आले. आता बॉनेटखाली घरच्या माणसाने करण्यासारखी कामं कमी झाली आहेत, पण ती महत्त्वाची आहेत.

इंजिन ऑइलची पातळी, कूलंटची पातळी, वायपर, बल्ब, फ्यूज, एअर फिल्टर आणि बॅटरीची टोकं ही सगळी कामं घरी होतात. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत धूळ आणि भुसा एवढा उडतो की एअर फिल्टर मॅन्युअलमधल्या मुदतीआधीच भरतो. तो काढून झटकावा, फारच मळला असेल तर बदलावा. पाण्याने धुऊ नये. फ्यूजचा रंग त्याची ताकद सांगतो: लाल 10 अँपिअर, निळा 15, पिवळा 20. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच रंगाचा घालावा. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून काम भागवलं तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर पेटते.

स्वयंपाकघरातली एक वस्तू मात्र गाडीला खरोखर उपयोगी आहे, ती म्हणजे खायचा सोडा. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-निळसर फुलोरा येतो, त्यात आम्ल असतं. पाण्यात कालवलेला सोडा जुन्या ब्रशने त्यावर लावला की फेस येतो. तो कार्बन डायऑक्साइड, केक फुगवणाराच वायू. आम्ल शमलं की ओल्या फडक्याने पुसून टोकं कोरडी करावीत. बॅटरी सोडवताना आधी वजा टोक काढावं आणि जोडताना ते शेवटी लावावं. गाडीचा सगळा पत्रा वजा टोकाला जोडलेला असतो. अधिक टोकावरचा पाना पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो हवेत 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो.

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, एसीचा गॅस, टायमिंग बेल्ट आणि विद्युत गाडीतल्या नारंगी वायरी यांना घरी हात लावू नये. ब्रेकचं एकच कारण सांगतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की ही मर्यादा 155 च्या आसपास येते. घाटात ब्रेक तापले, आतल्या पाण्याची वाफ झाली, की पेडल दाबल्यावर वाफ दबते आणि ब्रेक लागत नाहीत. ज्या कामातली चूक पेडल दाबेपर्यंत दिसत नाही, ते काम शिकलेल्या हातांनीच करावं.

दोन्ही कामं एकाच दिवशी

खरा धोका दोन्ही कामं शेजारी-शेजारी आली की वाढतो. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेटू शकते, म्हणजे आपल्याकडे ती बारा महिने पेटायला तयार असते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते. गॅस शेगडी, तापलेला ओव्हन किंवा अंगणातला गोवऱ्यांचा विस्तव दहा-पंधरा फुटांवर असला तरी ती तिथवर पोचते. ज्या दिवशी इंधनाच्या पाइपशी, टाकीशी किंवा बॅटरीशी काम आहे, त्या दिवशी जवळपास विस्तव नको. गॅसवर चालणारा ओव्हन असेल तर दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एलपीजीही हवेहून जड आहे आणि खाली साचतो.

दुसरा धोका दिसत नाही. बंद शेडमध्ये चालू ठेवलेलं इंजिन आणि बंद खोलीत धुमसणाऱ्या गोवऱ्या दोन्ही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखायला लागणं, मळमळणं हे त्याचं पहिलं लक्षण. तेव्हा काम सोडून मोकळ्या हवेत यावं.

तिसरी गोष्ट भांड्यांची. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असतं. लहान मुलं, कुत्री, गुरं ते पिऊ शकतात. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये, सांडलेलं लगेच धुऊन टाकावं. गाळणी, नरसाळं, पातेलं, ब्रश, फडकी, सोड्याचा डबासुद्धा गाडीसाठी वेगळा ठेवावा. जळक्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात. हातमोजे घालूनच काम करावं आणि तरीही पिठाला हात लावण्याआधी साबणाने नखांपर्यंत हात धुवावेत. ते ऑइल नाल्यात किंवा वावराच्या बांधावर ओतू नये, गॅरेजमध्ये द्यावं.

चौथी गोष्ट विजेची. ओटीजी 1500 वॅटचा असेल तर साडेसहा अँपिअर ओढतो. त्याला मोठं, 16 अँपिअरचं सॉकेट हवं. त्याच एक्स्टेंशन बोर्डवर हवेचा पंप आणि बॅटरीचा चार्जर लावला तर बोर्डच तापतो.

उरतं लक्ष. ओव्हनची घंटा वाजली म्हणून माणूस पाच नटांपैकी तीन आवळून उठतो आणि परत येतो तेव्हा सगळे आवळलेत असं त्याला वाटतं. याला उपाय क्रमाचा आहे. पहाटे गाडी रात्रभर उभी असताना टायरची हवा, ऑइल आणि कूलंट पाहून घ्यावं. या कामांना थंड गाडीच लागते. मग हात धुऊन पीठ मळावं. ते फुगेपर्यंत एअर फिल्टर, वायपर, बल्ब अशी मधेच सोडता येणारी कामं करावीत. ओव्हन सुरू झाला की गाडीचं काम थांबवावं. चाक काढायचं असेल त्या वेळी ओव्हन बंद असावा आणि शेवटचा नट आवळून झाल्याशिवाय फोनही घेऊ नये. घरात दोन माणसं असतील तर एकाने आत आणि एकाने बाहेर राहावं. मधेच अदलाबदल करू नये.

भाजलेला ब्रेड तास-दीड तास निवू द्यावा लागतो, कारण आतला स्टार्च तोवर स्थिर होत असतो. गरम कापला तर गाभा चिकट निघतो. तापलेल्या इंजिनालाही निवायला असाच वेळ द्यावा लागतो. उष्णतेने सुरू झालेलं काम विस्तव विझल्यावर किंवा किल्ली फिरवल्यावर संपत नाही. घरातल्या मुलामुलींना ब्रेड करायला आणि चाक बदलायला दोन्ही शिकवावं, आणि प्रत्येक पायरीला थांबायचं किती आणि का, हेही सोबत सांगावं. मग नवी गाडी आली, नवा ओव्हन आला, तरी त्यांना व्हिडिओ शोधत बसावं लागणार नाही. मॅन्युअल उघडून त्यातलं कारण त्यांचं त्यांना कळेल.